खोलीभाड्याची मर्यादा

कुडाळकर बाई संध्याकाळी आल्या,
तीन कंपन्यांची तीन पत्रकं
शिलाई मशीनच्या झाकणावर पसरली.
लालबागच्या या दहा बाय बारात
टेबल म्हणावं असं तेवढंच आहे.

मी कवळ्या करते. परळच्या लॅबमध्ये, तेवीस वर्षं.
माणसाचा जबडा आधी मेणात बसवायचा,
मेण चुकलं नाही याची खात्री झाली की मग पुढचं.
म्हणून मी आधी शेवटचं पान उघडलं, काय काय मिळणार नाही ते:
दंतोपचार, अपघात वगळता, समाविष्ट नाहीत.
"दातच नाहीत?"
बाई हसल्या. त्यांच्या वरच्या ओळीतले दोन
आमच्याच लॅबचे असावेत, शेड ए-थ्री.
मी विचारलं नाही.

हप्ता कळतो. या गल्लीत तो शब्द
कुणाला शिकवावा लागत नाही.
"फक्त याची पावती मिळते," बाई म्हणाल्या.

वजावट, म्हणजे पहिले पंचवीस हजार माझे.
सहभाग, म्हणजे त्याच्यापुढेही शंभरातले दहा माझे.
"मग कंपनी येते कधी?"
"येते हो. जिन्यानं येते."

प्रतीक्षा काळ. ब्लडप्रेशरला तीन वर्षं.
"प्रेशर नाही असंच लिहिलं तर?"
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"तर हप्ते तुम्ही भरणार, आणि गरज पडेल त्या दिवशी
हाच कागद ते तुम्हाला वाचून दाखवणार.
गोळी कुठली घेता?"
मी फ्रीजवरचा डबा आणला.
टोपण निघालं.

मग खोलीभाडं.
"दिवसाला पाच हजारांची खोली मंजूर आहे समजा,
आणि तुम्ही घेतली दहाची.
तर नुसतं भाडंच नाही कापत. डॉक्टर, ऑपरेशन,
बिलावरचं बरंच काही त्याच प्रमाणात खाली येतं."
हे त्यांनी दोनदा सांगितलं, बोटांवर.
मला एकदाच पुरलं असतं.

या खोलीचं भाडं महिन्याला एकशेचाळीस. पागडी.
बाबांच्या नावावरून माझ्या नावावर करताना
उल्हासनं सही केली नाही, मग केली,
पेन खाली ठेवलं, चहा न घेता गेला.
नालासोपारा काही परदेश नाही.
चार वर्षं झाली.

"नॉमिनी?"
मी पंख्याकडे बघितलं.
बाईंनी घाई केली नाही, पाणी मागितलं, प्यायल्या.
"नाव, नातं, जन्मतारीख. नंतर बदलता येतं,
पण रिकामं ठेवू नका. रिकाम्या जागेसाठी
लोक कोर्टात जातात."

नाव लिहिलं. नातं लिहिलं: भाऊ.
तारखेशी अडले. नागपंचमीचा जन्म,
एवढंच आई सांगायची,
आणि बाबांनी शाळेत घातलं तेव्हा
मास्तरांनी दुसरीच तारीख टाकली होती.

नंबर अजून पाठ होता.
तिसऱ्या रिंगला उचलला.
"कोण गेलं?" त्यानं विचारलं.
"कुणी नाही. तुझी जन्मतारीख हवीय."
मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी बंद केला.
"कागदावरची, की खरी?"
"कागदावरची."
त्यानं सांगितली, सावकाश,
बँकेत सांगतात तशी, आकडा आकडा सुटा.
मग म्हणाला, "बरी आहेस ना?"

फॉर्मवर हाच प्रश्न वर कुठेतरी आहे,
होय किंवा नाही, चौकोनात खूण करा.
चौकोन लहान आहेत.
मी म्हटलं, "प्रेशर आहे. गोळी घेते."
"कुठली?"

कुडाळकर बाई तोवर पत्रकं गोळा करत होत्या.
एक त्यांनी मशीनवर राहू दिलं,
आणि खुणेनंच सांगितलं, सही उद्या चालेल.
मी डबा उचलला
आणि गोळीचं नाव
त्याला वाचून दाखवलं.